नव्या ट्रॅक्टरची चाल आणि भरवसा : मालकांचे अनुभव, वर्कशॉपचा सल्ला

परभणी, मानवत, पाथरी, सेलू या भागातून आमच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर दुरुस्तीला येतात. नवी गाडी घेतलेल्या मालकांशी बोलताना दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली, पॉवर स्टिअरिंग आणि ऑइल ब्रेकमुळे दिवसभर रोटा (रोटाव्हेटर) मारला तरी हातपाय भरून येत नाहीत. दुसरी, मीटरवर दिवा लागला की पोटात गोळा येतो, कारण जुन्या गाडीसारखं बांधावर पान्हा घेऊन बसता येत नाही.

आमचं मत सरळ आहे. नवी गाडी नाजूक नाही. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा डिझेलच्या ड्रमात, एअर फिल्टरमध्ये नाहीतर औजाराच्या जोडणीत सापडतं. ते आधी तपासा, मग इंजिनाला दोष द्या.

डिझेल : सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे ट्रेम-4 नियम लागू झाले. त्यामुळे यातल्या बहुतेक गाड्यांत कॉमन रेल इंजिन आलं, म्हणजे एकाच नळीत जास्त दाबानं डिझेल साठवून सगळ्या इंजेक्टरना पुरवणारं. 50 एचपीच्या खालच्या बहुतेक गाड्यांवर अजून जुन्या पद्धतीचाच पंप आहे. जुन्या पंपाचं नोझल साधारण 200 बार दाबाच्या आसपास उघडतं. कॉमन रेलमध्ये दाब 1000 बारच्या पुढे जातो. डिझेल बारीक फवारलं जातं, धूर कमी होतो, ओढ वाढते. पण इंजेक्टरची भोकं इतकी बारीक असतात, की पाण्याचा अंश किंवा मातीचा कणही त्यांना चालत नाही.

आपल्याकडे पेरणीच्या धांदलीत डिझेल ड्रमात भरून शेतावर ठेवायची पद्धत आहे. ड्रम बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, अडचण आम्हालाही माहीत आहे. मात्र ड्रम सावलीत, झाकण घट्ट लावून, जरा तिरपा ठेवा. हातपंपाची नळी तळाला टेकू देऊ नका. संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं पाणी सुटतं.

फिल्टरखाली पाणी वेगळं करणारी वाटी असते. तिचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि घटकाभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. पावसाळ्यात हे आठवड्याला कराच. फिल्टर कंपनीचाच घ्या. स्वस्त फिल्टरमुळे वाचलेले पैसे एका इंजेक्टरच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. हवा काढण्यासाठी चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करायची जुनी सवय कॉमन रेल गाडीवर कधीही वापरू नका. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालंच तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.

रानातली चाल

एक मालक हायड्रोलिक खोलायच्या तयारीनंच आले होते. पलटी (नांगर) एका जागी खोल जाते, दुसऱ्या जागी वर तरंगते आणि कठीण लागलं की मागची चाकं जागेवर फिरतात, अशी तक्रार. रानात जाऊन पाहिलं तर नांगरट पोझिशन लिव्हरवर चालू होती आणि टॉप लिंक (औजाराला वरून धरणारा दांडा) फार आखूड केलेली होती. लिफ्टला काही झालेलं नव्हतं. दोन लिव्हरांची कामं वेगळी आहेत. ड्राफ्ट लावला की ओढ वाढताच लिफ्ट औजार आपोआप किंचित उचलते. तो पलटी आणि कल्टिव्हेटरसाठी. पोझिशन औजार ठरलेल्या उंचीवर धरून ठेवते. ती रोटा, पेरणी यंत्र, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडणारं यंत्र) यांच्यासाठी. आपल्या काळ्या रानात दहा पावलांवर जमीन बदलते, म्हणून हा फरक इथे जास्त जाणवतो.

मागे जड औजार असताना स्टिअरिंग फार हलकं लागलं तर खूश होऊ नका. पुढची चाकं जमिनीला पुरेशी टेकत नाहीत, असा त्याचा अर्थ. पुढे वजनं लावा. फोर व्हील गाडीत पुढच्या चाकांचा गिअर ओल्या रानात लावा, डांबरी रस्त्यावर काढा. त्यात पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगानं फिरवलेली असतात. कडक रस्त्यावर त्याचा भार टायरवर आणि पुढच्या गिअरवर येतो. याच कारणानं टायर बदलताना माप आमच्याशी बोलून ठरवा.

आणि वापसा येऊ द्या. फोर व्हील आहे म्हणून चिखलात घातलेली गाडी निघते, पण रान दाबून ठेवते.

उसाच्या ट्रॉल्या

रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल जोडलेली हवीत. एकच पेडल दाबलं गेलं तर भरलेली ट्रॉली गाडीला आडवी करते. मांजरसुंब्यासारखा घाट उतरताना वरूनच खालचा गिअर टाका. न्यूट्रलवर डिझेल वाचवायला जाऊ नका. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवल्यानं प्लेट लवकर जाते. ऑइल ब्रेक कुरकुरायला लागले तर आधी विचारा की मागच्या वेळी कोणतं ऑइल टाकलं. पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल लागतं.

धूळ, उंदीर आणि वेल्डिंग

सोयाबीनच्या राशीला गाडी लावली की भुसा रेडिएटरच्या जाळीवर बसतो आणि तापमानाचा काटा चढतो. जाळी दिवसातून दोनदा झाडा. एअर फिल्टरचा बाहेरचा भाग कमी दाबाच्या हवेनं आतून बाहेर साफ करा. आतला छोटा भाग साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. टर्बो गाडी कामावरून थांबली की मिनिटभर हळू चालू ठेवून मग बंद करा.

गाडी कडब्याजवळ उभी करू नका. उंदरांनी वायर कुरतडली की इंजिन रेस घेत नाही आणि मालकाला वाटतं पंप गेला. ट्रॉलीचा हुक वेल्डिंग करायचा असेल तर ट्रॉली सोडून करा. गाडीवरच करायचं असेल तर बॅटरीची दोन्ही टोकं काढा आणि कंट्रोल युनिटच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) जोडण्यांबाबत आम्हाला फोन करून विचारा. धुताना प्रेशरची धार वायरच्या जोडांवर मारू नका.

सर्व्हिस आणि आम्हाला फोन करताना

पहिली सर्व्हिस बहुतेक गाड्यांना 50 तासांनी असते, पुढचे तास पुस्तकात दिलेले असतात. तारखेपेक्षा मीटरचे तास पाहा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. वॉरंटीत तेच विचारतात.

मीटरवर दिवा लागला तर लाल आहे की पिवळा ते पाहा. लाल असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. पिवळा असेल तर औजार उचला, ओढ कमी करा आणि फोन करा. दोन्ही वेळा मीटरवरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढून आम्हाला पाठवा, सोबत गाडीचं मॉडेल, झालेले तास आणि त्या वेळी कोणतं औजार लावलं होतं ते लिहा. म्हणजे आमचा मेकॅनिक योग्य सुटा भाग घेऊनच तुमच्या रानात पोचेल.