पैसे कापडाचे, सुख हवेचं

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात पडद्याचं कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक भाव नंतर विचारतं. तागा उलगडला की आधी त्याचं टोक अंगठा आणि दोन बोटांत धरायचं, हलकेच चोळायचं आणि म्हणायचं, "भाऊ, यातच थोडं जड दाखवा ना." १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल ज्या शहरात सुरू झाली, तिथल्या बोटांना ही पारख शिकवावी लागत नाही. मात्र त्या चिमटीत नेमकं काय जोखलं जातं, हे आकड्यांत मांडायला १९३० साल उजाडलं.

त्या वर्षी एफ. टी. पीअर्स या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या संशोधकाने कापडाचा 'हात', म्हणजे हाताला जाणवणारा मऊ-ताठपणा, मोजायची एक साधी रीत प्रसिद्ध केली. कापडाची पट्टी टेबलावर ठेवायची आणि कडेबाहेर हळूहळू सरकवायची. स्वतःच्याच वजनाने तिचं टोक ४१.५ अंशांच्या उतारापर्यंत झुकलं की थांबायचं आणि किती पट्टी बाहेर आली ते मोजायचं. घरीही करून बघता येईल. जुन्या धोतराची इंचभर रुंदीची पट्टी लगेच मान टाकते. नव्या, खळ असलेल्या चादरीची बरीच पुढे सरकेपर्यंत ताठ राहते. लवकर वाकतं ते मऊ, एवढंच त्यातलं मर्म.

वाकणं मुख्यतः तंतूच्या जाडीवर ठरतं, आणि इथे गणित फारच कडक आहे. एकाच पदार्थाच्या दोन तंतूंपैकी एकाची जाडी निम्मी असेल, तर त्याला वाकवायला सोळापट कमी जोर लागतो. कापसाचा तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. लोकरीचा तंतू ३० मायक्रॉनच्या वर गेला की त्वचेला टेकल्यावर वाकण्याऐवजी टोचतो. स्वस्तातलं ब्लँकेट अंगाला खाजतं ते बहुतेकदा यामुळे. लोक उगाच ॲलर्जीला दोष देतात.

चादरींच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे. साधारण चारशेपर्यंत त्याला अर्थ आहे. हजार लिहिलेलं असेल तर बहुतेकदा पिळलेल्या धाग्यातला एकेक पदर वेगळा मोजलेला असतो. तो आकडा सोडा आणि चिमटीवर भरवसा ठेवा.

आता थंडीकडे वळू. नागपूर म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो, पण २९ डिसेंबर २०१८ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा दिवसांत पहाटे उघड्या फरशीवर पाय पडला की शहारा येतो, आणि शेजारच्या सतरंजीवर येत नाही. दोन्हींचं तापमान मात्र सारखंच असतं, समजा १८ अंश. फरक असतो तो उष्णता खेचून घेण्याच्या वेगात. तळपाय ३० अंशांवर धरला, तर टाइलला टेकताक्षणी त्वचेचा पृष्ठभाग २३ अंशांच्या आसपास येतो. जाड सतरंजीवर तो २९च्या जवळ राहतो. हिशेब ढोबळ आहे, पण पायाला तो बरोबर कळतो.

हे श्रेय सुताचं कमी आणि सुतात अडकलेल्या हवेचं जास्त. स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. खुद्द कापसाचा तंतू तिच्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतो. तंतूंनी करायचं काम एकच, हवेला हलू न देणं. पिंजारी धनुकलीची तार टणत्कारत जुन्या रजईतला कापूस मोकळा करतो, तेव्हा तो वजनात गुंजभरही भर घालत नाही. तो गठ्ठे फोडतो आणि त्यांत हवा भरतो. त्याची मजुरी खरं तर त्या हवेची असते. इथे विदर्भातल्या जुन्या देशी कापसाचीही बाजू घ्यायला हवी. त्याचा धागा आखूड आणि भरड, त्यामुळे तलम चादर विणायला निरुपयोगी. पण भरड तंतू दाबल्यावर पुन्हा उसळी घेतो, म्हणून गादीत तो छान टिकतो. जो ताठपणा चादरीत दोष, तोच गादीत गुण.

कापडाची खरी किमया मला आवाजात दिसते, आणि सजावटीच्या गप्पांत तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नव्या फ्लॅटमध्ये सामान लागण्याआधी बोललेलं घुमतं. महाग टाइल्स, चकचकीत छत, सगळं असूनही खोली परकी वाटते ती या घुमण्याने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकापुढे हाच प्रश्न आला. नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा आणि पुढच्या शब्दांत मिसळायचा. सॅबिन रात्री, रस्ता शांत झाला की, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनचा एक पाइप वाजवायचा आणि स्टॉपवॉच लावून बसायचा. गाद्या वाढल्या की घुमणं कमी. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे.

ते आपल्या हॉलला लावू. १२ बाय १५ फूट, उंची १० फूट, भिंती-फरशी गुळगुळीत, खोली रिकामी: आवाज विरायला जवळजवळ पाच सेकंद. बाल्कनीच्या ८ बाय ८ फुटांच्या दारावर पातळ पडदा सपाट ताणून लावला, तर साडेतीन. तेवढ्याच दारावर दुप्पट कापड घेऊन जाड पडदा भरगच्च चुण्यांनी सोडला, तर पावणेदोन. आवाजाची लहर कापडाच्या छिद्रांत शिरते, तिथली हवा तंतूंवर घासते आणि लहरीची ऊर्जा नगण्य उष्णतेत विरून जाते. जितक्या चुण्या, तितकं घासणं जास्त. म्हणून कापडात काटकसर करून महागडा रॉड घेणाऱ्यांची मला गंमत वाटते. सोफा, गादी, माणसं आली की आकडा आणखी उतरतो, आणि दबक्या आवाजात बोललेलंही नीट ऐकू येतं.

मे महिन्यात मात्र हेच सगळं उलटतं. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. अशा वेळी अंगाभोवती हवा अडकवून ठेवणारं काहीही नको असतं, तिने वाहायला हवं. मखमलीचे अभ्रे काढून साधी सुती खोळ घाला, गालिचा गुंडाळून ठेवा. तीच फरशी आता पायाला सुखावते. पश्चिमेच्या खिडकीला आतून कितीही जाड पडदा लावला तरी काचेतून आलेलं ऊन खोलीतच तापतं, फार तर पांढरं अस्तर त्यातलं थोडं परत पाठवतं. वाळ्याची ताटी खिडकीच्या बाहेर बांधणारे म्हातारे हे ओळखून होते.

पडद्याला पॉलिएस्टर खुशाल घ्या, उन्हात ते सुतापेक्षा जास्त टिकतं. चादरीला मात्र नको. शंभर ग्रॅम कोरडा कापूस साध्या हवेतून साडेआठ ग्रॅम पाणी धरतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. त्यामुळे घाम चादरीत न मुरता अंगावरच चिकचिकतो. कापसाच्या या तहानेची किंमत गादीला मोजावी लागते: कूलरची दमट हवा पिऊन तंतू चिकटतात, हवा निघून जाते, गादी बसते. कूलर लागला की आठवड्यातून एकदा ती गच्चीवर टाका, आणि दुपारी उलटवायला विसरू नका, कारण ओल खालच्या बाजूला जास्त असते.