१२८ कुठून आलं आणि जॉइंट स्टिरिओ फुकट बदनाम कसा झाला

सीडीवरचं स्टिरिओ गाणं सेकंदाला १४११ किलोबिट खातं, मिनिटाला साधारण १० एमबी. एमपी३ चं स्टँडर्ड १९९३ मध्ये छापून आलं, पण आपल्या नागपुरात त्याचा खरा जोर २००० नंतरचा, आधी सायबर कॅफे अन् सीडी रायटर, मग बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे तो काळ. १२८ वर, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट या रेटला, मिनिटाला जेमतेम १ एमबी लागते, ७०० एमबीच्या सीडीत बारा तासांची गाणी बसतात, त्यामुळे सगळे तिथंच थांबले. त्याला 'सीडी क्वालिटी' म्हणायचे हे मात्र जास्तच झालं, त्या रेटला एन्कोडर (गाण्याची एमपी३ करणारी सॉफ्टवेअरं) बहुतेक १६ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे सगळ्यात बारीक-उंच आवाज, उडवूनच टाकतात, टाळ-झांजा ऐकल्या की कळतं.

खरा घोळ जॉइंट स्टिरिओचा, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगवेगळा न ठेवता मिळून साठवायच्या सेटिंगचा. लोक अजूनही सेटिंगमध्ये ते दिसलं की घाबरून साधं स्टिरिओ करतात. झालं असं की या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पद्धती आहेत. एकात डावं-उजवं सोडून दोघांची बेरीज आणि फरक साठवतात, त्यातून मूळचं डावं-उजवं परत काढता येतं, म्हणजे या अदलाबदलीत काही हरवत नाही. दुसरीत वरच्या पट्टीतला आवाज एकत्र करून फक्त कुठल्या बाजूला किती एवढंच ठेवतात, आवाज चपटा होतो तो हिच्यामुळे. जुन्या एन्कोडरांनी कमी रेटला ही दुसरी वापरली, काहींनी पहिलीच धड जमवली नाही, अन् बदनामी दोघींची झाली. लेम एन्कोडर पहिलीच वापरतो, तीही गाण्याचा एकेक छोटा तुकडा (फ्रेम) बघून, तरी शंका काही जात नाही! आणि एक, फिक्स रेटला जॉइंट केल्यानं फाइल लहान होत नाही, तेवढ्याच जागेत आवाज बरा येतो. जागा वाचते ती व्हीबीआरमध्ये, म्हणजे गरजेप्रमाणे रेट कमी-जास्त होतो त्या पद्धतीत.

कीर्तनाची जुनी कॅसेट मोनो असेल तर हा वादच नको, सरळ मोनो ६४ करा, जागा निम्मी.

पुढं एमपी३ सारखाच एएसी हा नवा फॉरमॅट आला, २०१२ मध्ये ओपस आलं, ते बोलण्याला ३२ च्या आतही छान चालते. २०१७ मध्ये एमपी३ च्या पेटंटचं लायसन्सिंगही बंद झालं. पण म्हणून घरातल्या १२८ च्या फायली ओपसमध्ये बदलत बसू नका, एकदा उडालेलं परत येत नाही आणि वरून दुसऱ्यांदा कापाकापी होते, मूळ सीडी किंवा कॅसेट हाताशी असेल तरच करा.