मांजराच्या केसांची मिशी आणि पेवातली मिशी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडं सांगलीला आला की आम्ही दोघं जुने पॉइंट-अँड-क्लिक गेम काढून बसतो. चित्रावर माउस फिरवायचा, वस्तू उचलायच्या, माणसांशी बोलायचं आणि कोडी सोडवत गोष्ट पुढं न्यायची. यंदा एका कोड्यात तो तीन संध्याकाळ अडकला. शेवटी वॉकथ्रू, म्हणजे गेमची सगळी उत्तरं लिहिलेलं टाचण, उघडून उत्तर वाचलं आणि वैतागून म्हणाला, "मामा, हे आसं कुठं असतंय व्हय? सर्रिअल गेम म्हणजे काय बी करायचं का?"

त्याचा वैताग मला पटला, 'सर्रिअल', म्हणजे स्वप्नासारखा अजब, हा शब्द मात्र पटला नाही. या गेममध्ये दोन गोष्टी वरून सारख्याच विचित्र दिसतात. एक स्वप्नातला तर्क. दुसरीला खेळणारे 'मून लॉजिक' म्हणतात, म्हणजे असा तर्क जो फक्त गेम बनवणाऱ्याच्याच डोक्यात असतो. पहिली गोष्ट या प्रकारच्या गेमचं वैभव आहे आणि दुसरी त्याचं दुखणं. दोन्हींना एकच नाव दिलं की चांगल्या गेमवर अन्याय होतो.

मून लॉजिकचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 1999 च्या 'गेब्रियल नाइट 3' मधलं. फ्रान्सच्या दक्षिणेतलं एक खरंखुरं गाव, रेन-ल-शातो. नायकाला मोझली नावाच्या मित्राच्या नावावर राखून ठेवलेली मोटारसायकल न्यायची आहे, म्हणून मोझलीचं सोंग घ्यायचंय. त्यासाठी शेडच्या दाराला असलेल्या भोकावर चिकटपट्टी लावायची, मांजराला पाणी मारून तिथून पळवायचं, पट्टीला चिकटलेले केस सिरपनं ओठावर चिकटवायचे आणि मिशी तयार करायची. मोझलीला मुळात मिशीच नाही! म्हणून मग त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही पेनानं मिशी काढायची. गेमचं बाकीचं जग सरळ, वास्तव आहे. केसांची मिशी इथं चालते असं आधी कुणी सुचवलेलं नसतं. हे सर्रिअल नाही, हे मनमानी आहे.

आता 1993 चा 'डे ऑफ द टेंटॅकल' बघा. विचित्रपणात तो कुठल्याही स्वप्नाला मागं टाकेल. एकाच घरात तीन मित्र तीन काळांत अडकलेत. एक वर्तमानात, एक दोनशे वर्षं मागं, एक दोनशे वर्षं पुढं. टाइम मशिन म्हणजे फिरते संडास, आणि त्यांत वस्तू टाकून फ्लश केलं की ती दुसऱ्या काळातल्या मित्राला मिळते. एवढं एकदा मान्य केलं की पुढची कोडी आपोआप उलगडायला लागतात. व्हिनेगर हवंय? भूतकाळात टाइम कॅप्सूलमध्ये, म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायच्या पेटीत, वाइन ठेवा, चारशे वर्षांनी भविष्यातली मैत्रीण ती उघडेल तेव्हा वाइन आंबलेली असेल. हे उत्तर वॉकथ्रूत वाचावं लागलं तरी माणूस कपाळावर हात मारून म्हणतो, "व्हय की, हे सुचायला पाहिजे होतं." माझी परीक्षा एवढीच. उत्तर कळल्यावर तोंडातून "व्हय की" निघतं, की "हे कसं सुचणार?"

नियम आधी दाखवणं यात सगळं आलं. सांगलीकराला हे पटवायला फार लांब जावं लागत नाही. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' इथंच केलं. त्या नाटकांत आधी सूत्रधार येऊन स्तवन म्हणायचा, मग गणपती यायचा. सोंड लावलेला माणूस हा गणपती आहे हे प्रेक्षकांनी मानलं, कारण सूत्रधारानं त्याला त्यांच्यादेखत बोलावलेलं होतं. तोच माणूस प्रवेशाच्या मध्येच, काही न सांगता आला असता तर लोक बुचकळ्यात पडले असते.

'ग्रिम फँडँगो' (1998) मध्येही हेच दिसतं. गेम मेलेल्यांच्या देशात घडतो, सगळे सांगाडेच. मग तिथं मरण कसलं? अंगात फुलं उगवतात आणि सांगाडा फुलांखाली संपतो. ऐकायला अजब, पण मेलेल्यांना मारणार ते जिवंत काहीतरीच, नाही का? एकदा हे बघितलं की त्या जगातली फुलांची टोपली बघूनही अंगावर काटा येतो. मला हा नियम फार आवडतो. (माउसनं खेळायची सोय मात्र या गेमला 2015 च्या नव्या आवृत्तीत आली.)

कोड्यांची एक तिसरी जात मध्ये लुडबुडते, ती म्हणजे शब्दांवरची कोटी. 'मंकी आयलंड 2' (1991) मध्ये पियानो वाजवणारं माकड आहे. त्याला भुलवून ताठ करायचं, खिशात घालायचं आणि पंपावर पाना म्हणून वापरायचं. का? तर इंग्रजीत त्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात, नावातच माकड आहे. आपल्याकडं तो नुसता पाना. मराठी माणसाला हे कोडं दिसणारच नाही, त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नाही. गंमत म्हणजे गेमचे कर्ते रॉन गिल्बर्ट यांनीच 1989 च्या एका लेखात बजावलं होतं की खेळणाऱ्याला कुलूप आधी दिसावं, किल्ली नंतर. 'मशिनेरियम' (2009) मला म्हणूनच मोलाचा वाटतो. त्यात संवादच नाहीत. रोबो उंच होतो, बुटका होतो, हाताला येईल तेवढंच घेतो, आणि हे सगळं नुसतं बघून कळतं.

भाच्याला फरक नीट समजावा म्हणून मी सांगलीजवळच्या आमच्या हरिपूरचाच एक गेम रचला. हळदीची पेवं तिथली. जमिनीखालचे खड्डे, तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. समजा, पहिल्याच दृश्यात आजी पेवात कैरी टाकते आणि लगेच पिकलेला आंबा बाहेर येतो. या गावात पेव म्हणजे काळ. पुढं कधीतरी वेशीवरचा राखणदार पोराला अडवतो, "मिशीवाला माणूसच आत सोडतो." पोराकडं स्वतःचा फोटो आहे. काय करशील?

तो क्षणभर थांबला. "फोटो पेवात टाकायचा! पांढरी मिशी घेऊन येईल."

आणि मी जर म्हटलं असतं की मांजर पकड?

"तर मी गेम बंद केला असता, मामा."

त्यानं आता वहीत पेवाचं चित्र काढलंय. पहिल्या दृश्यात कैरी दाखवावी असं माझं म्हणणं, त्याला तिथं हळदच हवीय. त्यावर अजून आमचं जमलेलं नाही.