मानेवरचं 'करंटचं यंत्र' आलं कुठून?

सराव संपल्यावर बाकावर एखादी पोहणारी मुलगी मान खाली घालून बसलेली असते. मानेच्या मुळाशी मणक्याचं जे टोक बोटाला लागतं, त्याच्या दोन्ही बाजूंना चिकट पॅड, बारीक वायरी आणि खिशात मावेल एवढं यंत्र. आकडा वाढवत नेला की आधी मुंग्या येतात, मग खांद्यावरचा स्नायू हलकेच उडू लागतो. फिजिओथेरपिस्ट याला 'टेन्स' म्हणतात, म्हणजे त्वचेवरून नसांना (मज्जातंतूंना) दिलेली विद्युत-उत्तेजना. खेळाडूंच्या तोंडी मात्र 'करंट लावणं'च असतं.

विजेनं वेदना शमवण्याची कल्पना यंत्रापेक्षा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्यानं डोकेदुखीवर जिवंत टॉर्पेडो मासा दुखऱ्या जागी ठेवायला सांगितलं होतं. हा मासा अंगातून विजेचा झटका देतो. संधिवातानं पाय ठणकत असेल तर ओल्या किनाऱ्यावर, त्याच माशावर पाय ठेवून, गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर उभं राहायचं. वीज साठवता येऊ लागल्यावर, अठराव्या शतकापासून, माशाची जागा यंत्रांनी घेतली. पण आराम का पडतो, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे खरा उपचार आणि जादूचा डबा एकाच दुकानात विकले जात राहिले.

हे बदललं १९६५ मध्ये. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि मेंदूशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला: वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक फाटक लागतं, आणि स्पर्श वाहून नेणाऱ्या जाड तंतूंची वर्दळ वाढली की ते काहीसं मिटतं. कोपर आपटल्यावर आपण ते आपसूक चोळतो, ते याचमुळे. दोनच वर्षांनी वॉल आणि मेंदूचे शल्यचिकित्सक विल्यम स्वीट यांनी तीव्र, जुनाट वेदनेच्या आठ रुग्णांच्या नसांना सेकंदाला १०० या गतीनं सूक्ष्म झटके दिले. त्यांपैकी ज्या चौघांच्या नसांचाच आजार होता, त्यांना दोन मिनिटांच्या उत्तेजनेनंतर अर्ध्या तासाहून जास्त आराम मिळाला. मला या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग हाच वाटतो, कारण इथे आधी विचार होता आणि मग यंत्र आलं.

त्याच १९६७ साली शल्यचिकित्सक नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूजवळ उत्तेजक यंत्र बसवलं. अशी शस्त्रक्रिया कोणाला लागू पडेल हे पाहण्यासाठी आधी त्वचेवरून करंट देऊन बघत. काहींना तेवढ्यानंच बरं वाटू लागलं, आणि चाचणीचं साधन स्वतःच उपचार होऊन बसलं. अंगावर बाळगता येईल अशा यंत्राचं पेटंट १९७४ मध्ये मिळालं. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलं की फाटक ही अर्धीच गोष्ट. शरीर स्वतःची वेदनाशामकंही सोडतं, आणि मंद व जलद झटक्यांचे मार्ग वेगवेगळे असतात.

मानदुखीपुरतं बोलायचं तर पुरावा अजून अशक्त आहे. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यानं (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) टेन्स खोट्या, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या, उपचारापेक्षा सरस असू शकतं असं म्हटलं, पण पुराव्याचा दर्जा अत्यंत कमी ठरवला. याचं एक कारण मात्रा आहे. करंट जेमतेम जाणवेल इतकाच ठेवला तर फारसं हाती लागत नाही. तो जोरदार पण सोसवेल असा हवा. शिवाय रोज तोच करंट दिला की शरीर त्याला सरावतं.

कॉलेजच्या खेळाडूची मान दोन्हीकडून भरडली जाते. मैदानावर टक्कर, पकड किंवा श्वासासाठी एकाच बाजूला वळणं. नंतर तासन्‌तास लॅपटॉपवर वाकून अभ्यास. टेन्स यातलं काहीच दुरुस्त करत नाही. वेदना थोडी उतरली की मान आणि खांद्याचे व्यायाम करता येतात, त्याचा खरा उपयोग तेवढाच. म्हणून सामन्याआधी पॅड लावून दुखणं दाबणं आणि खेळायला उतरणं मला धोक्याचं वाटतं. टकरीनंतर एका हातात आग झाल्यासारखी कळ गेली, तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना ताण बसलेला असू शकतो, आणि आधी तपासणी हवी. दोन्ही हातांत मुंग्या किंवा अशक्तपणा आला, तर मज्जारज्जूला इजा असू शकते असं धरून खेळाडूला न हलवता तातडीची मदत बोलवायची. पॅड मानेच्या पुढच्या बाजूला कधीच लावायचे नाहीत. तिथे रक्तदाब सांभाळणाऱ्या संवेदनशील नसा आहेत.