विक्री घटते, भाडं घटत नाही

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, ती नेमकी आइस्क्रीमच्या हंगामात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वर्षाची खरी कमाई याच दिवसांत. दुकानाला कुलूप असलं तरी डीप फ्रीझर उणे १८ अंशांवर चालवावाच लागतो. तापमान वरखाली झालं की वितळलेलं पाणी पुन्हा गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात, आइस्क्रीम खरखरीत लागतं आणि माल फेकावा लागतो. गल्ला रिकामा, वीजबिल चालू.

महासाथीत फ्रँचायझी, म्हणजे मोठ्या कंपनीच्या नावाने चालवलेलं दुकान, तगते की बुडते, हे ब्रँडच्या नावापेक्षा अशा न थांबणाऱ्या खर्चांवर जास्त ठरतं. समजा, सात रस्त्याजवळच्या एका खाद्यपदार्थांच्या आउटलेटची महिन्याची विक्री ४ लाख आहे. १०० रुपयांतले ४५ कच्च्या मालाला आणि पॅकिंगला, १० रॉयल्टी (कंपनीचं नाव वापरण्याचं शुल्क), जाहिरात वर्गणी व त्यांवरच्या जीएसटीला. उरले ४५. भाडं, पगार, वीज, बँकेचा हप्ता मिळून दीड लाख. म्हणजे ४ लाखांवर ३० हजार नफा, ३ लाख ३३ हजारांवर ना नफा ना तोटा, आणि विक्री निम्मी झाली की ६० हजारांचा खड्डा.

मग पार्सलवर भागेल? ॲपचं कमिशन २५ टक्के धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी. ५ टक्के दराने कर भरणाऱ्या हॉटेलाला त्याची वजावट मिळत नाही. त्या ४५ मधून गेले साडेएकोणतीस, उरले साडेपंधरा. नुसत्या ॲपवर दीड लाख काढायला ९ लाख ६८ हजारांची विक्री हवी! शिवाय करारात रॉयल्टी एकूण विक्रीवर असेल, तर ती गिऱ्हाइकाने मोजलेल्या पूर्ण रकमेवर लागते, कमिशन वजा करून नव्हे. जुळे सोलापूरसारख्या वस्तीत फोनवर ऑर्डर घेऊन दुकानातल्याच पोरांना दुचाकीवर पाठवणं म्हणूनच परवडतं. त्यांचा पगार तसाही चालू असतो, वाढतं ते पेट्रोल. एसटी स्टँडजवळच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जगणाऱ्या दुकानाला ही सोय नाही.

कंपनीने सवलत दिली, तर ती माफी आहे की मुदतवाढ, हे आधी विचारा. मुदतवाढ म्हणजे डोक्यावर साठत जाणारं देणं. मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना दिलेल्या सवलतीतही व्याज चालूच होतं.

सरकारी बंदीच्या काळात किमान रॉयल्टी आणि किमान माल खरेदीची अट स्थगित राहील, हे करारात लिहून घ्यावं. भाडेपट्ट्यात तर हे कलम हवंच: ताबा घेतलेल्या जागेच्या भाड्याला करार कायद्याचं कलम ५६ (पाळणं अशक्य झालेला करार रद्द ठरवणारं) लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगितलं आहे.