पँटची कंबर आणि धमन्यांचं वय

लंडनच्या दुमजली बसवर पूर्वी दोघं कामाला असत. ड्रायव्हर दिवसभर एका जागी बसलेला, तर कंडक्टर तिकिटं देत सतत वर-खाली करणारा. एका दिवसात कंडक्टरच्या साधारण ५०० ते ७५० पायऱ्या चढून व्हायच्या. १९५३ साली संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पुरुषांच्या हृदयविकाराच्या नोंदी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झालाच तर उशिरा, आणि त्यात दगावणारेही कमी.

पण खरी गंमत १९५६ च्या निबंधात आहे. मुळात जाड असलेलेच लोक ड्रायव्हर होत असतील तर? ही शंका तपासायला मॉरिस यांच्या गटाने गणवेशांची मापं मिळवली. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर जास्त निघाली, अगदी तरुण ड्रायव्हरांचीसुद्धा. म्हणजे सगळा फरक नोकरीने पाडलेला नव्हता. स्वतःच्याच निष्कर्षाला असा चिमटा काढून बघणारे संशोधक मला फार आवडतात. पुढच्या अनेक अभ्यासांनी मात्र हालचालीचा फायदा पक्का केला. आज जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेलसा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते.

पँटच्या मापाचं महत्त्वही तसंच टिकून आहे. स्त्रियांची चरबी पाळी जाईपर्यंत बहुधा मांड्या आणि नितंबांवर साठते. पुरुषांची पोटात, आतड्यांच्या आणि यकृताच्या आजूबाजूला. ही आतली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं यकृतात पोचतात, इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) वाढू लागतात. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशा माणसाला वजनकाटा ‘ठीक आहे’ म्हणतो, म्हणून टेप लावायचा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून. पोट आत ओढलं तर फसवणूक स्वतःचीच. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, हा हिशेब लक्षात ठेवायलाही सोपा.

रक्तदाबाला मात्र टेप नाही, आणि तो वाढलेला बहुतेकांना कळतही नाही. डोकं दुखलं तरच बीपी बघायचं, ही समजूत चुकीची आहे. मोजण्याआधी लघवीला जाऊन यावं, पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. बोलत बोलत, पायावर पाय टाकून घेतलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

आता ज्या विषयावर पुरुष डॉक्टरांपुढेही तोंड उघडत नाहीत, तो विषय. लिंगाला ताठरता येते ती धमन्या सैल होऊन रक्त आत शिरतं म्हणून. सैल होण्याचा हा निरोप धमनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड या वायूच्या रूपात देतं. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल हे सगळे या अस्तराचे वैरी. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४. आजार दोन्हीकडे एकच असला तरी अरुंद नळीत अडथळा आधी जाणवतो. त्यामुळे ताठरतेची तक्रार अनेकदा हृदयाच्या त्रासाच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. कारण ताण, झोप किंवा एखादं औषधही असू शकतं. पण चाळिशी-पन्नाशीत ही तक्रार हळूहळू वाढत असेल, तर बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यायलाच हवं. परस्पर ताठरतेची गोळी आणून वेळ मारून नेण्यात दुहेरी तोटा: इशारा दाबला जातो, आणि छातीत दुखण्यावरची नायट्रेट औषधं सोबत चालू असतील तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

सिगारेटबद्दल उपदेश नको, आकडे पुरेत. ब्रिटनमधल्या पुरुष डॉक्टरांचा रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून पन्नास वर्षं मागोवा घेतला. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांना सरासरी ३ वर्षं जास्त मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६, चाळिशीत ९ आणि तिशीत १०. साठीला ‘आता सोडून काय उपयोग’ म्हणणाऱ्याच्या हातात अजून तीन वर्षं असतात.

तपासण्या जितक्या जास्त तितक्या चांगल्या, असंही नाही. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठीची पीएसए ही रक्ततपासणी त्याचं ठळक उदाहरण. पीएसए हे रक्तातलं प्रथिन कर्करोगात वाढतं, तसंच नुसत्या वाढलेल्या ग्रंथीत आणि जंतुसंसर्गातही वाढतं. शिवाय सापडलेले काही कर्करोग इतके संथ असतात, की त्यांनी जन्मभर त्रास दिला नसता. उपचारांनी मात्र लघवीवरचा ताबा किंवा ताठरता जाऊ शकते. म्हणून साधारण ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर ही चर्चा आधीच करावी. आणि टक्कल थांबवायला फिनास्टराइडची गोळी घेत असाल, तर तेही न लाजता सांगा. ती काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्म्यावर आणते, त्यामुळे रिपोर्टवरचा आकडा डॉक्टरांना दुप्पट धरून वाचावा लागतो.