फायर ब्रिगेडच्या गाड्यांची खरेदी आणि महापालिकेची देखरेख (मुंबई)

आगीचे बंब, शिडीच्या गाड्या, पाण्याचे जंबो टँकर, रेस्क्यू व्हॅन असल्या गाड्या घेताना पैसे किती जातायत, गाडी नक्की कसली येतेय आणि आल्यावर तिचं काय होतंय यावर शहराने, म्हणजे शहराने निवडून दिलेल्या लोकांनी ठेवायची नजर, असा हा विषय. मुंबईत ही नजर मुख्यतः बृहन्मुंबई महापालिकेची स्थायी समिती ठेवते. पेपरवाले तिला "तिजोरीच्या चाव्या" म्हणतात, आणि ते काही उगाच नाही.

अग्निशमन हे काम महापालिकेचं का, राज्य सरकारचं का नाही, असं बरेच जण विचारतात. मुंबईत ते १ एप्रिल १८८७ पासून पालिकेकडे आहे. त्याआधी बंब पोलिसांच्या ताब्यात असायचे. १८९० मध्ये लंडन फायर ब्रिगेडमधले डब्ल्यू. निकोल्स इथे प्रमुख म्हणून आले आणि पूर्णवेळ दल उभं राहिलं. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा, त्यातल्या कलम ६१ मध्ये पालिकेने करायलाच हव्यात अशा कामांची यादी आहे आणि योग्य साधनांसह अग्निशमन दल ठेवणं त्यात येतं. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली तिच्यातही सातव्या नंबरला अग्निशमन सेवा आहे. त्यामुळे गाडी घ्यायला पैसे नाहीत असं पालिकेला नुसतं म्हणून चालत नाही, आणि देशातल्या सगळ्यात श्रीमंत पालिकेने तर म्हणूच नये.

फाईल कशी फिरते

सुरुवात भायखळ्याला, म्हणजे दलाच्या मुख्यालयात होते. प्रमुख अग्निशमन अधिकारी मागणी करतात की अमुक गाड्या जुन्या झाल्या, तमुक केंद्राला टँकर नाही, वगैरे. ती मागणी बजेटमध्ये बसवावी लागते, बजेट आयुक्त फेब्रुवारीत स्थायी समितीला सादर करतात, त्यात तरतूद दिसली की लोकांना वाटतं गाडी आलीच, पण तिथे तर फक्त पैशांची जागा राखलेली असते. मग स्पेसिफिकेशन बनतं, टेंडर निघतं, आणि पालिकेच्या पद्धतीप्रमाणे तीन पाकिटं येतात: 'अ' मध्ये अनामत रक्कम आणि कागदपत्रं, 'ब' मध्ये तांत्रिक भाग, 'क' मध्ये दर. आधीची दोन पास झाली तरच 'क' उघडायचं. आता सगळं ऑनलाइन असतं तरी शब्द पाकीटच राहिलाय.

सगळ्यात कमी दरवाला, म्हणजे एल-वन, ठरला की वाटाघाटी होतात आणि मग आयुक्तांच्या सहीने प्रस्ताव स्थायी समितीपुढे येतो. कारण १८८८ च्या त्याच कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे ठरावीक रकमेवरचं कंत्राट आयुक्तांना समितीच्या आधीच्या मंजुरीशिवाय करताच येत नाही, आणि फायर इंजिनाची रक्कम त्या मर्यादेच्या वर सहज जाते. टेंडर न काढता खरेदी करायची असेल तर कलम ७२ खाली समितीच कारणं नोंदवून तशी परवानगी देऊ शकते.

समितीत २७ जण असतात, २६ नगरसेवक आणि शिक्षण समितीचे अध्यक्ष. सभागृहात ज्या पक्षाचं जेवढं बळ त्या प्रमाणात जागा. बैठक आठवड्याला एक, आणि तिची भाषा बाहेरच्या माणसाला कळायला थोडा वेळ लागतो. कुणी "हरकतीचा मुद्दा" घेतो, म्हणजे मध्येच आक्षेप नोंदवतो, कुणी "उपसूचना", म्हणजे प्रस्तावात बदल, मांडतो, प्रस्ताव "राखून ठेवला" जातो, प्रशासनाकडे "फेरविचारासाठी" परत जातो, किंवा "दफ्तरी दाखल" होतो. ऐकायला हे शेवटचं फार सभ्य वाटतं पण त्याचा अर्थ प्रस्ताव मेला, पुन्हा पहिल्यापासून या.

बाकी महाराष्ट्रात, पुणे, ठाणे, नाशिक वगैरे ठिकाणी, १९४९ चा वेगळा कायदा चालतो. तिथे स्थायी समिती १६ जणांची. घाईच्या खरेदीसाठी तिथल्या अनुसूचीतलं एक प्रकरण इतकं वापरलं जातं की पालिकेत नुसतं "पाच-दोन-दोन" म्हटलं की सगळे समजतात, विना टेंडर घ्यायचंय. अचानक आपत्ती आली तर आयुक्तांनी आधी काम करून मग समितीला कळवायची सोय दोन्ही कायद्यांत आहे. ती हवीच. पण गाडी पंधरा वर्षं जुनी होणार हे पंधरा वर्षं आधी माहीत असतं, त्यामुळे तिच्या बदलीला "तातडी" म्हणणं जरा अतिच.

नक्की बघायचं काय

भारतात साधं फायर इंजिन अख्खं एका कारखान्यातून येत नाही. चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांचा सांगाडा, एका कंपनीची, त्यावर टाकी, पंप, लॉकर आणि बॉडी बसवणारा दुसराच. भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत, टाइप ए वॉटर टेंडरला (इथे टेंडर म्हणजे निविदा नव्हे, आगीची गाडी) आयएस ९४८, टाइप बी ला आयएस ९५०, रेस्क्यूच्या इमर्जन्सी टेंडरला आयएस ९४९. मानक असलं की भांडण कमी होतं, कारण पंपाने मिनिटाला किती लिटर फेकायला हवं ते लिहिलेलंच असतं आणि डिलिव्हरीच्या वेळी ते मोजताही येतं. भांडण होतं ते वरच्या शिड्यांवर. तिथे जगात मोजकेच बनवणारे, त्यामुळे स्पेसिफिकेशन कसंही लिहा, विरोधक म्हणणारच की हे एकाच कंपनीच्या मापाने शिवलंय. कधी ते खरंही असू शकतं. कधी शंभर मीटरच्या आसपास जाणारी गाडी बनवणारेच दोन-तीन असतात, त्याला कोण काय करणार. शिवाय खरेदी युरोमध्ये, दर मंजुरीपर्यंत बदललेला, कस्टम वेगळं, आणि कारखान्यात जाऊन गाडी तपासून यायचं असतं, जी तपासणी खरंच गरजेची असली तरी पेपरात "परदेश दौरा" म्हणूनच छापून येते.

मुंबईने २०१० च्या दशकात फिनलंडच्या ब्रॉन्टो स्कायलिफ्टची ९० मीटरची गाडी घेतली. ९० मीटर म्हणजे साधारण तिसाव्या मजल्याच्या आसपास. आता या शहरात २०० मीटरच्या वरच्या इमारती किती आहेत ते लोअर परळच्या पुलावर उभं राहून मोजा. दर मोठ्या आगीनंतर कुणीतरी विचारतोच की शिडी एवढीच का, अजून उंच का नाही घेत. २२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडला साठेक मजली टॉवरच्या १९ व्या मजल्यावर आग लागली, एक सुरक्षारक्षक वरून पडून दगावला, तेव्हाही चर्चा शिडीवरच आली. खरं तर उंच इमारतीतली आग मुख्यतः आतूनच विझवावी लागते. इमारतीचा स्वतःचा पंप, रायझर (वर पाणी नेणारा उभा पाइप), फायर लिफ्ट, रेफ्यूज मजला (आगीत आसरा घ्यायचा मजला) हे सगळं चालू असायला हवं, आणि ते चालू ठेवायची जबाबदारी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ ने मालकावर आणि रहिवाशांवर टाकलीये. हा मुद्दा खरेदीच्या प्रस्तावात कुठेच नसतो, कारण प्रस्ताव गाडीचा असतो.

दुसरं टोक काळबादेवीचं. ९ मे २०१५ ला तिथल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले, त्यात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. काळबादेवी, भुलेश्वर, डोंगरी असल्या भागात प्रश्न उंचीचा नाही, रुंदीचा आहे. मोठी शिडीची गाडी उभी करताना तिचे जॅक दोन्ही बाजूंना पसरावे लागतात, खाली जमीन पक्की लागते, वर वायरी नकोत, आणि गल्लीत आधीच दुतर्फा स्कूटर लावलेल्या. तिथे छोटी, चपळ गाडी हवी. पण छोट्या गाडीच्या उद्घाटनाला फोटो तेवढा येत नाही, हे आपलं माझं मत.

नव्या साधनांचंही तसंच. २२ जुलै २०१९ ला वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीच्या गच्चीवर माणसं अडकली तेव्हा शिड्यांनी ऐंशीच्या वर लोकांना खाली आणलं, आणि नुकताच ताफ्यात आलेला फायर रोबोटही तिथे वापरला. लोकांच्या लक्षात रोबोट राहिला. माणसं उतरवली ती शिडीने. ताजवरच्या २००८ च्या हल्ल्यातही खिडक्यांतून लोकांना काढलं ते शिडीवरूनच.

देखरेखीत भोक कुठे पडतं

समिती दर बघते, आणि बारकाईने बघते. दुसऱ्या शहराने हीच गाडी कितीला घेतली, ऑफिसच्या अंदाजापेक्षा किती टक्के वर, निविदा एकच का आली, सगळं विचारलं जातं. पण मंजुरी मिळाली की बहुतेक वेळा विषय संपतो. गाडी वेळेत आली का, उशिराचा दंड खरंच कापला का, चालवायला शिकलेले ऑपरेटर किती आहेत, वर्षातून किती दिवस ती वर्कशॉपमध्ये उभी असते, परदेशी सुटा भाग यायला किती महिने लागतात, हे प्रश्न परत कधी येतात? एखाद्या आगीत शिडी चालली नाही की येतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते काही फक्त रस्त्याच्या अंतराबद्दल नाही.

याला एक साधं कारण पण आहे ज्याकडे फार कुणी बघत नाही. स्थायी समितीचे निम्मे सदस्य कायद्यानेच दरवर्षी निवृत्त होतात. मागणी, बजेट, टेंडर, मंजुरी, मग चासी, बॉडी किंवा जहाज, आरटीओ पासिंग, ट्रेनिंग, असं सगळं धरलं तर मोठ्या गाडीला सहज दोन वर्षं जातात. म्हणजे ज्यांनी प्रश्न विचारला त्यातले बरेच जण गाडी यायच्या वेळी समितीत नसतातच. आठवण ठेवणारे उरतात ते पालिकेचे मुख्य लेखापरीक्षक, ज्यांचा अहवाल समितीकडे येतो, आणि चिटणीस खात्याची कपाटं.

त्यात ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूकच झाली नाही. आयुक्तच प्रशासक झाले, आधी इक्बालसिंह चहल, २०२४ पासून भूषण गगराणी. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव पाठवायचा आणि स्थायी समितीचे अधिकार वापरून मंजूरही त्याच माणसाने करायचा. फाईल लवकर सुटते हे खरं, काही अधिकारी खासगीत तेच बरं होतं म्हणतीलही, पण हरकतीचा मुद्दा घ्यायला समोर कुणी नाही. जवळजवळ चार वर्षं असं चाललं, जानेवारी २०२६ मध्ये २२७ वॉर्डांत मतदान होईपर्यंत.

पैसे आणि भंगार

पैसा बहुतेक पालिकेचाच. केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवायला ५००० कोटींची योजना आणली, पण ती राज्यांमार्फत येते, आणि छोट्या नगरपालिकांना तिचा उपयोग जास्त. मुंबईला पैशापेक्षा वेळ कमी पडतो.

आणि आता वेळेलाही तारीख लागलीये. केंद्राच्या नियमाप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महापालिकांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना, बंबांचं नाव त्यात नाही. आता फायर इंजिन किलोमीटरच्या हिशोबाने फार धावतच नाही, पंधरा वर्षांत इंजिन ठणठणीत राहू शकतं, झिजतो तो पंप आणि गंजते ती टाकी. तरी कागदावर गाडी बाद. मग ती भंगारात काढायचा वेगळा प्रस्ताव, लिलाव वेगळा, आणि तिच्या जागी नवी मागायची फाईल परत भायखळ्याहून निघते.